अली की स्टीव्हन्सन? तुम्ही विचारलंत म्हणून

बॉक्सिंगवर काहीही लिहिलं की हा प्रश्न हमखास येतो: मोहम्मद अली आणि क्यूबाचा तेओफिलो स्टीव्हन्सन समोरासमोर आले असते, तर कोण जिंकलं असतं?

किती फेऱ्यांची लढत, ते आधी सांगा. स्टीव्हन्सन शेवटपर्यंत हौशीच राहिला, म्हणजे पैशासाठी व्यावसायिक लढती कधी लढला नाही, आणि तेव्हाची हौशी लढत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची. नऊ मिनिटांत खेळ खलास. अलीच्या जागतिक किताबाच्या लढती पंधरा फेऱ्यांच्या. १९७४ साली आफ्रिकेत किन्शासाला दोरांना टेकून, तेव्हाचा जगज्जेता जॉर्ज फोरमनचे ठोसे झेलत अलीने त्याला दमवलं आणि आठव्या फेरीत आडवा केला. नऊ मिनिटांत कोण कुणाला दमवणार?

स्टीव्हन्सनला थांबायला वेळच नसायचा. डाव्या हाताच्या जॅबने, म्हणजे झटपट सरळ ठोशाने, अंतर मापायचं आणि मग उजव्या हाताचा जोरदार ठोसा. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये समोर अमेरिकेचा ड्वेन बॉबिक आला. आदल्याच वर्षी पॅन अमेरिकन स्पर्धेत त्याने स्टीव्हन्सनला हरवलं होतं. दुसऱ्या फेरीत बॉबिक वरचढ वाटला. तिसरीत तो तीनदा खाली गेला आणि पंचांनी लढत थांबवली. अंतिम लढत झालीच नाही, रुमानियाचा प्रतिस्पर्धी जखमी होता; सुवर्ण स्टीव्हन्सनला. १९७६ला मॉन्ट्रियल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत रुमानियाचा मिर्चा सिमॉन दोन फेऱ्या नुसता अंतर राखून पळत राहिला. तिसरीत त्याला तो उजवा ठोसा लागला आणि त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल आला, म्हणजे हार मानली. १९८०ला मॉस्कोत उपांत्य लढतीत हंगेरीचा लेवाई हरला, पण शेवटच्या घंटेपर्यंत उभा राहिला, तर त्याचंच कौतुक झालं! तिसरं सुवर्णही स्टीव्हन्सनचंच.

अजिंक्य मात्र नव्हता. सोव्हिएत संघाच्या इगोर व्हिसोत्स्कीने त्याला दोनदा हरवलं, हे त्याचे भक्त सोयीस्करपणे विसरतात.

तर माझं मत: तीन फेऱ्या असतील तर स्टीव्हन्सन, पंधरा असतील तर अली. चौथी फेरी कशी असते हे ज्याला स्पर्धेत कधी अनुभवावंच लागलं नाही, त्याच्यावर दहाव्या फेरीसाठी पैज कोण लावणार?

लाखो डॉलर मिळाले असते, तरी तो व्यावसायिक का झाला नाही, हेही विचारता. क्रांतीनंतर क्यूबात व्यावसायिक खेळावर बंदी होती. लाखो डॉलरांपेक्षा ऐंशी लाख क्यूबन लोकांचं प्रेम मोठं, अशा अर्थाचं त्याचं उत्तर गाजलं. त्यात निष्ठा किती आणि नाइलाज किती, याचा हिशेब मी मांडत नाही. दोन्ही असू शकतं.

मला विचाराल तर अलीशी न झालेल्या लढतीपेक्षा लॉस एंजेलिसची हळहळ जास्त. १९८४च्या त्या ऑलिंपिकवर क्यूबाने बहिष्कार टाकला. तोवर स्टीव्हन्सन संपला होता म्हणावं, तर १९८६ला रीनोमध्ये तो पुन्हा जगज्जेता झाला. आणि लॉस एंजेलिसला स्टीव्हन्सनच्या वजनगटात सुवर्ण मिळालं अमेरिकेच्या टायरेल बिग्जला, ज्याला स्टीव्हन्सनने आधी हरवलेलं होतं.