सहा जणांचा गट, बारा मिनिटांचा विषय

२०१७-१८ साली आपल्या शाळेच्या नववीत ‘आजचे सामाजिक प्रश्न’ या मथळ्याखाली गटांची सादरीकरणं झाली. खरं सांगायचं तर त्यांतली निम्मी ऐकताक्षणी विसरावीत अशीच होती. व्यसनमुक्तीच्या गटाने कवटीचं चित्र काढलं, निबंधाच्या पुस्तकातला उतारा सहा तुकड्यांत वाटून पाठ म्हटला आणि टाळ्या घेतल्या. प्रदूषणवाल्यांचंही तेच. उरलेल्या गटांचं काम मात्र पक्कं होतं. ते कशामुळे पक्कं झालं हे लिहून ठेवलं तर आज त्या बाकांवर बसणाऱ्यांच्या उपयोगी पडेल.

गटात सहा जण, बोलायला १२ मिनिटं, प्रश्नांना ५ आणि कार्डशीट चारच. शिवाय एक अट होती: प्रश्न गटातल्या कोणालाही विचारला जाईल आणि उत्तर त्यानेच द्यायचं. एकाने बोलायचं आणि पाच जणांनी कार्डशीट धरून उभं राहायचं, हा प्रकार या एका अटीने बंद झाला.

पाणीटंचाईच्या गटाने ‘पाणी हेच जीवन’ वगैरे एका वाक्यात उरकलं आणि थेट बादली पुढे केली. गावात नळ चौथ्या दिवशी यायचा. २० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात, पाणी किती मिनिटं राहतं आणि घरात माणसं किती, एवढंच मोजायचं. बादली १०० सेकंदांत भरली तर मिनिटाला १२ लिटर, पाऊण तासात ५४० लिटर. सहा माणसांच्या घरात माणशी ९० लिटर झाले, ऐकायला झकास. पण तेच पाणी चार दिवस पुरवायचं असतं, म्हणजे रोजचे माणशी साडेबावीस. जलजीवन मिशन या केंद्राच्या नळपाणी योजनेचं आजचं माप माणशी रोज ५५ लिटर आहे. टंचाई म्हणजे नेमकी किती, हे त्या भागाकारातून वर्गाला कळलं.

गोम पुढेच होती. हे माप एका घरात घेऊन भागत नाही. टाकीजवळचं पहिलं घर, मधलं एक आणि लाईनच्या शेवटचं एक, अशी तीन घरं एकाच वेळी मोजावी लागतात. त्यासाठी दोघादोघांची जोडी करून तिन्ही ठिकाणी उभं राहायचं. वरच्या घरांनी नळाला टिल्लू मोटर (पाणी खेचणारा छोटा पंप) लावली की शेवटच्या घराची धार करंगळीएवढी होते. ऐन पाण्याच्या वेळी वीज गेली की मोटरी बंद पडतात आणि शेवटच्या घरी धार वाढते. म्हणून नोंदवहीत वीज होती की नव्हती, हा रकाना हवाच. तो नसला तर दोन दिवसांची मापं जुळत नाहीत आणि मुलं व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाला दोष देऊन मोकळी होतात. गावोगाव त्या बिचाऱ्याला फुकटच्या शिव्या खाव्या लागतात, त्यात आणखी भर नको!

घरोघरी विचारायची प्रश्नावली आधी छापील मराठीत होती: ‘आपणांस होणारा पाणीपुरवठा नियमित आहे काय?’ यावर दारातली बाई ‘हो’ म्हणते आणि आत जाते. तीच बाई अहिराणीत ‘पानी कितला दिनमा येस?’ (पाणी किती दिवसांनी येतं?) म्हटल्यावर ओट्यावर बसवून सगळं सांगते. उत्तर लिहून घ्यायचं ते मात्र सगळ्यांनी एकाच मापात: दिवस, मिनिटं, हंडे. हंडा हे घरचं माप असलं तरी कोणाचा १२ लिटरचा, कोणाचा १५ चा. म्हणून हंड्याची नोंद करण्याआधी तो बादलीने मोजून घ्यावा.

मुलींच्या घटत्या प्रमाणाचा विषय आपल्याकडे घरचाच. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात हजार मुलग्यांमागे ८४२ मुली निघाल्या. दशकभर आधी त्या ८८० होत्या. या गटाला आकड्यांनीच अडकवलं. महाराष्ट्राचा आकडा एका पुस्तकात ८८३, दुसऱ्यात ८९४. दोन्ही खरे: पहिला जनगणनेचा तात्पुरता आकडा, दुसरा अंतिम. कार्डशीटवर आकड्याशेजारी साल आणि ‘तात्पुरता’ की ‘अंतिम’ एवढं लिहिलं की अर्धे वाद मिटतात.

दुसरी अडचण यापेक्षा मोठी होती आणि ती कळायला वेळ लागला. अंगणवाडीच्या नोंदीवरून गावाचं प्रमाण काढायचा मोह सगळ्यांना होतो. पण वर्षाला ४० जन्म होणाऱ्या गावात १९ मुली आणि २१ मुलगे जन्मले तर प्रमाण येतं ९०५. १८ आणि २२ झाले की थेट ८१८. एका बाळाच्या फरकाने गाव ‘सुधारलं’ किंवा ‘बिघडलं’ म्हणणं हा निव्वळ अन्याय. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदणीतली निदान दहा वर्षं एकत्र करावीत आणि मगच बोलावं. निसर्गतःही हजार मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली जन्मतात, त्यामुळे तुलना हजाराशी करायची नाही. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा १९९४ चा, हे सगळ्यांना पाठ होतं. त्यापुढे जाऊन लिंग विचारणं आणि सांगणं, दोन्ही त्यात गुन्हा आहे, हे वाचलेला एकच जण होता.

बोंडअळी हा सामाजिक प्रश्न का, असा आक्षेप वर्गातूनच आला. त्या हंगामात ज्यांच्या घरी कापूस होता ते हसले. गुलाबी बोंडअळीने २०१७ मध्ये उभं पीक पोखरलं होतं, आणि पीक गेलं की फी, लग्न, दवाखाना सगळं लांबतं. या गटाने बियाण्याचं पाकीट आणलं होतं. बीटी म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार होणारं वाण. तेव्हा ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची वेगळी पुडी यायची. ती शेताच्या कडेने लावली तर तिथे वाढणाऱ्या अळ्यांना बीटीची सवय लागत नाही आणि प्रतिकार लवकर तयार होत नाही. बहुतेक घरी ती पुडी फेकून दिलेली. त्यात हंगाम संपल्यावर पाणी देऊन फरदड (त्याच झाडांचं उशिराचं पीक) राखली की अळीला उन्हाळ्यापर्यंत घर मिळतं. ओळखायचं कसं? फूल गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं राहिलं तर ती डोमकळी: तोडून आतल्या अळीसकट नष्ट करायची. हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावायचे, आणि एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की फवारणीचा विचार करायचा. गटातल्या मुलीने रिकामा सापळा वर्गात टांगून दाखवला. मागच्या बाकांनी इतकं लक्ष देऊन ऐकलेली ती एकमेव १२ मिनिटं असावीत.

हुंड्याचा गट सुरुवातीलाच अडला. ‘तुमच्याकडे हुंडा दिला-घेतला का’ याचं उत्तर अख्ख्या गावात ‘नाही’. कायदा १९६१ चा आहे, देणारा आणि घेणारा दोघंही त्यात सापडतात, मग कोण कबूल करेल? गटाने प्रश्न बदलला. मंडपवाला, बँडवाला, आचारी, भांडीवाला आणि सोनार यांच्याकडे जाऊन लग्नाचे दर विचारले. ते सगळे मोकळेपणाने सांगतात, कारण तो त्यांचा धंदा. मग सगळा खर्च कापसात मोजला. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ४,३२० रुपये होता. लग्न तीन लाखांचं धरलं तर जवळपास ७० क्विंटल. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल उतारा धरला तर १४ ते १७ एकरांचं अख्खं पीक, तेही अळी पडली नाही तर. आंदण आणि मानपान यात धरलेलंच नव्हतं. हे ऐकून कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) लग्नसराईत हे दर चढतात, तेव्हा ते कोणत्या महिन्याचे घेतले हेही लिहायला हवं.

कुपोषणाच्या गटाने दंडाची पट्टी दाखवली. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाच्या मधोमध ती गुंडाळतात. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली म्हणजे तीव्र, साडेअकरा ते साडेबारा म्हणजे मध्यम. पट्टी आवळली की मूल उगाच कुपोषित ठरतं, म्हणून हात सैल सोडलेला हवा. माप घ्यायचं काम अंगणवाडी सेविकेचंच, विद्यार्थ्यांनी पाहायचं आणि लिहायचं.

माहितीच्या अधिकारात अर्ज टाकण्याची हौस एका गटाला होती. दहा रुपयांत अर्ज होतो, पण उत्तराला ३० दिवस लागू शकतात, आणि तयारीला मिळत होते तीन आठवडे. आधी ग्रामपंचायतीचा फलक आणि ग्रामसभेचं इतिवृत्त वाचलं तर बरंच तिथेच सापडतं.

कार्डशीटचंही एक शास्त्र आहे. पिवळा आणि केशरी मार्कर मागून दिसत नाही. मजकूर काळा-निळा, लाल फक्त एका आकड्याला. अक्षर निदान बोटभर उंच, ओळी सातपेक्षा जास्त नकोत. कार्डशीट गुंडाळताना लिहिलेली बाजू बाहेर ठेवावी, म्हणजे भिंतीवर लावल्यावर कडा आत वळत नाहीत. आणि पंखा बंद!

त्या गटांच्या नोंदवह्या टिकल्या असत्या तर आज तुलना करता आली असती. नव्या गटांनी निदान पाण्याचं माप शाळेच्या ग्रंथालयात ठेवावं: तारीख, वेळ, घर लाईनवर कितवं, बादली किती लिटरची, वीज होती की नाही. मोजणी डिसेंबरात एकदा आणि मे महिन्यात एकदा, त्याच तीन घरी. मे महिन्यात सुट्टी असते, त्यामुळे गावातच राहणारी दोन मुलं गटात आधीपासून घ्यावी लागतील.