लाल पक्ष्याची चोच

हिरोशिमा स्टेशनाबाहेर ट्राममध्ये बसले, तेव्हा मांडीवर पोळ्यांचा स्टीलचा डबा होता. आत पोळ्या नव्हत्या. भाचीने घड्या घालून दिलेले ३६ कागदी पक्षी होते. सदतिसावा, लाल, जरा मोठा झाल्याने डब्यात मावेना, म्हणून पर्समध्ये. "चेपू देऊ नकोस हं मावशी," अशी तंबी सांगलीहून निघतानाच मिळाली होती.

बॉम्ब पडल्यावर तिसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्ट १९४५ ला, इथली ट्राम थोड्या अंतरापुरती पुन्हा सुरू झाली होती. शेजारी शाळेची मुलं दप्तरं पायाशी ठेवून झोपली होती. जुलैचा उकाडा अगदी कोकणातला.

अणुबॉम्बमधून उरलेल्या मोडक्या घुमटापाशी उतरले. सगळे फोटो काढतात तो घुमट. त्याला लागूनच एक उंच स्मारक आहे, तिथे फारसं कोणी थांबत नव्हतं. ते कामाला जुंपलेल्या विद्यार्थ्यांचं. बॉम्बहल्ल्याची आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे काढायचं काम चाललं होतं, आणि ढिगारे उपसायला बारा-तेरा वर्षांची मुलं लावली होती. ६ ऑगस्टच्या सकाळी ती उघड्यावरच होती. त्यांतली सुमारे सहा हजार गेली.

पूल ओलांडला की मुलांचं शांतिस्मारक. सादाको सासाकी बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची होती. बाराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेली, २५ ऑक्टोबर १९५५ ला. दवाखान्यात ती औषधांच्या पुड्यांच्या कागदाचेसुद्धा पक्षी करायची. हजार पक्षी केले की इच्छा पुरी होते, असं तिथे मानतात; ते हजार पुरे व्हायच्या आधीच ती गेली, अशी गोष्ट आपण ऐकलेली असते. तिचा भाऊ मात्र सांगतो की हजार केव्हाच ओलांडले होते. मला हे जास्त लागलं. हजार पुरे करूनही ती गेलीच. तिच्या वर्गमित्रांनी पैसे जमवायला सुरुवात केली, देशभरातल्या शाळांनी हातभार लावला आणि ५ मे १९५८ ला नऊ मीटर उंचीचं हे स्मारक उभं राहिलं. वर दोन्ही हातांनी पक्षी उचलून धरलेली मुलगी.

भोवती काचेच्या कपाटांत माळाच माळा. वर्षाला सुमारे १ कोटी पक्षी येतात, वजन जवळपास १० टन. पूर्वी ते साठवायचे, आता त्यांच्या लगद्याचा पुन्हा कागद होतो. (भाचीला हे सांगायचं की नाही, यावर मी बराच वेळ घालवला.)

पर्स उघडली तर लाल पक्षी पापडासारखा. बाकावर बसून घड्या उलगडल्या, पुन्हा घातल्या. शेपटी जमली, चोच काही केल्या जमेना. शेजारच्या जपानी आजींनी न बोलता हात पुढे केला. नखाने एक घडी दाबली, परत दिला. चोच झाली. मी सदतीसही ओवून टांगले आणि फोटो काढून पाठवला.

तिथेच उद्यानात त्या दिवसांत चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं. हिरोशिमातल्याच मोतोमाची हायस्कूलच्या कलाशाखेची मुलं २००७ पासून हे काम करतात. बॉम्बमधून वाचलेल्या एका माणसासमोर एक विद्यार्थी बसतो, त्याची आठवण ऐकतो, कच्चं चित्र दाखवतो, चुका समजून घेतो, पुन्हा काढतो. असं महिनोन् महिने. शेवटी तैलरंगातलं चित्र इथल्या शांतिसंग्रहालयाकडे जातं.

एका चित्रापुढे मी रेंगाळले. जमिनीवर पडलेली बाई पाणी मागते आहे आणि समोरच्या मुलीने हात मागे घेतला आहे. भाजलेल्यांना पाणी दिलं तर ते मरतात, असं तेव्हा सांगितलं जायचं. बाईचा चेहरा बघवत नाही, पण माझी नजर पुन्हा पुन्हा मुलीच्या हाताकडे जात होती. बोटं पुरती मिटलेली नाहीत. ती बोटं कितीदा खोडली असतील? सोळा-सतरा वर्षांच्या पोराला भाजलेल्या कातडीचा रंग कुठून ठाऊक असणार? तो त्याला ऐंशी-नव्वदीचं कोणीतरी शेजारी बसून सांगतं: एवढा लाल नको, जास्त काळपट. आणि सांगताना ते स्वतः पुन्हा त्या जागी जाऊन येत असणार. तंत्र म्हणाल तर काही चित्रं कच्ची आहेत, हातपाय लाकडासारखे. मला त्याने काही अडलं नाही. पोस्टरवरच्या गुळगुळीत कबुतरांपेक्षा हे हातपाय खरे वाटले.

बाहेर आले तर संध्याकाळ झालेली. नदीकाठी बसून फोन बघितला. भाचीने फोटो मोठा करकरून पाहिला असावा. आधी एक अंगठा, मग लगेच खाली:

"मावशी, लाल पक्ष्याची चोच मी केलेली नाहीये."