चहानंतरची चार मिनिटं

सिगारेट सोडून आज ४७ दिवस झाले. चौदा वर्षं रोज दहा-बारा ओढत होतो, याआधी दोनदा सोडून परत धरली, म्हणून ह्यावेळी लिहून ठेवतोय.

पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट असतात असं म्हणतात ते अगदी खरंय. डोकं जड, झोप नाही, कारण नसताना बायकोवर ओरडलो आणि नंतर रडू आलं. पण ते तीन दिवस कसेतरी निघतात हो, खरा छळ चहाचा. टपरीवर कटिंग हातात आला की डावा हात आपोआप शर्टच्या खिशात जायचा, आणि समोर दोरीला बांधलेला लायटर लटकतोय.

एक गोष्ट मला आधी कुणी सांगितलीच नव्हती. सिगारेटच्या धुरामुळे आपलं लिव्हर कॅफीन भराभर संपवत असतं, सिगारेट बंद झाली की तेच कॅफीन अंगात जास्त वेळ राहतं, म्हणजे चहा नेहमीएवढाच घेतला तरी हात थरथरतात, छातीत धडधडतं, आणि आपल्याला वाटतं तलफ आली. मी पाच कपांवरून दोनवर आलो आणि चार दिवसांत फरक जाणवला.

तलफ आली की मोबाईलवर स्टॉपवॉच लावायचो. माझी साधारण चार मिनिटं टिकायची, जास्तीत जास्त सात. तेवढ्यात गार पाणी घोट घोट प्यायचं, लवंग दाताखाली धरायची, नाहीतर सरळ तिथून उठून चालायला लागायचं. नुसतं बसून "नको नको" म्हणत राहिलं की ती अजून चढते.

तलफ कमी करायला थोडं निकोटिन देणारा निकोटिन गम मी आधी साध्या च्युइंगमसारखा चघळायचो, उचक्या आणि मळमळ. तो हळू चावायचा, तोंडात चुरचुरलं की थांबून गालात धरून ठेवायचा, चुरचुर गेली की परत चावायचा. आणि चहा-कॉफी प्यायल्यावर लगेच नाही, पंधरा मिनिटं थांबा, नाहीतर तो नीट लागूच पडत नाही. हे मला सिगारेटच्या पाकिटावर छापलेल्या, तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या १८००-११-२३५६ ह्या नंबरवर कळलं. फुकट आहे, इतकी वर्षं तो नंबर हातात घेऊन फिरलो आणि कधी लावला नाही ह्याचं फार वाईट वाटतं.

एकोणिसाव्या दिवशी घसरलो. महाराष्ट्रात २०२० पासून सुट्टी सिगारेट विकायला बंदी आहे पण टपरीवर कोण विचारतंय, एक घेतली, दोन झुरके मारले आणि टाकली. आधीच्या दोन्ही वेळी इथेच "आता मोडलंच ना" म्हणून अख्खं पाकीट घेतलं होतं. ह्यावेळी घरी जाऊन बायकोला सांगितलं आणि दिवस मोजणं तसंच चालू ठेवलं. तुमचंही असं झालं तर कृपा करून शून्यापासून मोजू नका, अठरा दिवस तुम्ही खरंच काढलेले असतात.

हात अजूनही खिशात जातो. आता तिथे बडीशेपेची डबी असते.