रेसिडेंट म्हणजे नेमका कोण?

गावी कुडाळला गेले की कुणी ना कुणी विचारतंच, "रेसिडेंट म्हणजे अजून शिकतत ते ना? मगे मोठे डॉक्टर कधी येतले?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. रेसिडेंटशिप मीही केली आहे.

रेसिडेंट शिकत असतो हे खरं, पण तो डॉक्टर आधीच झालेला असतो. साडेचार वर्षं एमबीबीएस, वर्षभर इंटर्नशिप, मग नीट-पीजी ही प्रवेश परीक्षा देऊन एमडी किंवा एमएसची तीन वर्षं. सरकारी कागदावर त्यालाच निवासी डॉक्टर म्हणतात. पूर्वी हे डॉक्टर खरोखरच हॉस्पिटलात राहायचे. आजही हॉस्टेल आवारातच असतं, पण रात्र वॉर्डात जाते. सलग ड्यूटी साधारण बारा तासांपलीकडे नको, असं केंद्र सरकारने १९९२ मध्येच सांगितलंय. इमर्जन्सीच्या दिवशी ते कोण पाळतं? मला याची चीड येते, कारण डॉक्टर थकला की धोका पेशंटला.

आरएमओ, म्हणजे रेसिडेंट मेडिकल ऑफिसर, वेगळा. सिव्हिलमध्ये ते प्रशासनाचं पद आहे. खाजगी नर्सिंग होममध्ये रात्रपाळीचा आरएमओ बरेचदा बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीएचएमएस (होमिओपॅथी) असतो.

आता भातकापणीत फुरसं चावलं आणि पेशंटला गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला किंवा कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलला नेलं, असं धरा. रात्री दोन वाजता समोर येतो तो रेसिडेंटच. तो काचेच्या कोरड्या, स्वच्छ ट्यूबमध्ये थोडं रक्त घेतो आणि वीस मिनिटं तिला हात लावू देत नाही. मग एकदाच तिरकी करतो. रक्त न गोठता ओघळलं, तर विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडवली आहे. लगेच सलाइनमधून अँटिव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, सुरू होतं. त्या औषधाची रिअॅक्शन म्हणून अंगावर पित्त उठतंय का, दम लागतोय का, हे बघत तो खाटेशीच थांबतो. सहा तासांनी पुन्हा तीच टेस्ट. वरिष्ठांना फोन एव्हाना झालेला असतो.

सकाळी राउंडला मोठे डॉक्टर येतात, तेव्हा त्यांच्यापुढे केस हाच रेसिडेंट मांडतो. म्हणून साप किती वाजता चावला, आवळून काही बांधलं होतं का, आधी कुठे इंजेक्शन दिलं, हे सगळं रात्रीच त्याला सांगा. मोठ्या डॉक्टरांसाठी राखून ठेवू नका.