पाऊस आला की पेरू: इंग्रजी काळांचा सराव

सध्या सरावाला पेरणीचे सल्ले घेतलेत, परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ देतं तसे. एकेक वाक्य इंग्रजीत करायचं आणि क्रियापदाचा तोच काळ का घेतला, हे शेजारी लिहायचं. बातम्यांपेक्षा हा मजकूर सरस वाटतोय. शेतीच्या सल्ल्यात 'अमुक झालं की तमुक करा' अशी वाक्यं पानोपानी असतात, आणि काळाचा कस तिथंच लागतो.

'पाऊस आला की सोयाबीन पेरू.' यात 'आला' हे रूप भूतकाळाचं, घटना मात्र पुढची. इंग्रजीतही घटना पुढचीच, पण रूप वर्तमानाचं: 'व्हेन इट रेन्स, वुई विल सो सोयाबीन.' 'विल' फक्त मुख्य वाक्यात. अंटिल, बिफोर, आफ्टर, अ‍ॅज सून अ‍ॅज, सगळ्यांचं असंच.

पण 'व्हेन'पुढे 'विल' कधीच येत नाही असं मात्र पाठ करू नका. 'पाऊस कधी येईल माहीत नाही' हे 'आय डोन्ट नो व्हेन इट विल रेन' असंच लिहायचं. मी आता मराठीतच कसोटी लावते: 'व्हेन'च्या जागी 'जेव्हा' बसत असेल तर वर्तमान, 'कधी' बसत असेल तर 'विल'. पुढच्या घटनेबद्दल बोलताना 'इफ'लाही ती लागू पडते. 'जर' असेल तर 'इफ इट रेन्स'. 'येईल की नाही' असेल तर 'आय डोन्ट नो इफ इट विल रेन'. सरावातली ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट. व्याकरणाचं पुस्तक उघडावंच लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ दिला तो या वाक्याला: '75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका.' मी लिहिलं, 'डोन्ट सो अंटिल 75 टू 100 मिलिमीटर्स ऑफ रेन हॅज फॉलन.' नुसतं 'फॉल्स' चुकीचं नाही, पण इथं पाऊस पुरता पडून झालेला हवा. वरवरच्या ओलीवर बी उगवतं, मग उघडीप पडली की रोपं करपतात आणि दुबार पेरणी कपाळी येते. 'हॅज फॉलन'मध्ये ती पूर्तता आहे, म्हणून तेच ठेवलं.

विद्यापीठावरही वाक्यांची एक जोडी झाली. 'द युनिव्हर्सिटी वॉज फाउंडेड इन 1972', कारण साल ठरलेलं, घटना तिथंच संपली. 'इट हॅज बीन इन परभणी सिन्स 1972', कारण ते आजही तिथंच आहे.

आता 'बाय द टाइम' घेतलंय: 'बाय द टाइम द मान्सून विथड्रॉज, वुई विल हॅव हार्वेस्टेड द सोयाबीन.' यानंतर रब्बीचे सल्ले घ्यायचेत. ज्वारी-हरभऱ्याची अशी 'झाल्यावर', 'होण्यापूर्वी'वाली वाक्यं कुणाकडे असतील तर जरूर पाठवा.