रडारवरचे काळे डाग आणि केरळचं थंड पाणी

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टचा विषय घरी सांगितला, तेव्हा आईने विचारलं, "पुण्यात बसून समुद्राचा अभ्यास कसा गं करणार?" मला तर कोकणाचाही नाही, थेट कोची ते कोल्लमचा किनारा हवा होता. पण उपग्रहाच्या प्रतिमा पाषाणच्या खोलीत बसूनही उतरवून घेता येतात.

पावसाळ्यात केरळच्या किनाऱ्याला वारा साधारण समांतर, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वरचं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे इथे किनाऱ्यापासून दूर सरकतं. त्याची जागा घ्यायला खालचं थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. हे अपवेलिंग. त्यावर प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) वाढतं आणि प्लवकावर तारली. तिथल्या कोळ्यांचा हंगाम यावर उभा असतो, म्हणूनच हा विषय मला सोडवेना.

अडचण ही की सगळं घडतं ऐन पावसाळ्यात. इन्फ्रारेडने तापमान मोजणाऱ्या उपग्रहाला ढगांपलीकडचं काही दिसत नाही. मायक्रोवेव्ह रेडिओमीटर ढगांतून बघतो, पण त्याचा एकेक ठिपका इतका मोठा की किनाऱ्यालगत त्यात जमीन मिसळते. रडारला ना ढग आड येतात ना रात्र.

सेंटिनेल-१ या युरोपीय रडार उपग्रहाच्या प्रतिमा फुकट मिळतात. २५० किलोमीटर रुंद पट्टा, फाईल साधारण १ जीबीची. माझ्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम, त्यामुळे अख्खी प्रतिमा चालवायला घेतली की तो अडकून बसे. यात तीन दिवस गेले. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना सांगते, आधी हवा तेवढाच तुकडा कापून घ्या, मग कॅलिब्रेशन (प्रतिमेतले आकडे खऱ्या मोजमापात बदलणं) आणि स्पेकल (रडार प्रतिमेवरचा दाणेदार गोंगाट) काढणं. स्पेकलचा फिल्टर फार जोरात लावू नका, डागांच्या कडा पुसल्या जातात आणि पुढे सगळं काम त्या कडांवरच असतं.

जुलैतल्या एका प्रतिमेत अलप्पुळासमोर लांबट काळा डाग दिसला. अपवेलिंग सापडलं असं वाटून मी धावत माझ्या मार्गदर्शक मॅडमकडे गेले. त्यांनी प्रतिमा नीट पाहिली आणि एवढंच विचारलं, "त्या सकाळी वारा किती होता?" ते मी पाहिलंच नव्हतं.

रडारला तापमान कळत नाही, पाण्याचा खडबडीतपणा कळतो. सेंटिनेलची तरंगलांबी साधारण ५.५ सेंटीमीटर. किरण ३० अंशांच्या आसपास तिरके पडले, तर जवळपास तेवढ्याच लांबीच्या बारीक लाटांवरून ते परत येतात. पाणी थंड असेल तर त्यावरची हवाही गार होऊन खाली बसते, वाऱ्याची पाण्यावरची पकड सुटते, बारीक लाटा कमी होतात आणि तो भाग काळा दिसतो. प्लवकातून सुटणारा तेलकट थरही त्या लाटा दाबतो. पण मुळात वाराच पडलेला असेल, तरी चित्र तसंच काळं. वाऱ्याची आकडेवारी काढली, तर त्या सकाळी तो सेकंदाला २ मीटरही नव्हता. माझा डाग बाद झाला.

दोन दिवस हातात काम धरवेना. रविवारी मैत्रिणीबरोबर खडकवासल्याला गेले. कणीस खाताना धरणाच्या पाण्याकडे लक्ष गेलं. सगळीकडे वाऱ्याने बारीक सुरकुत्या उठत होत्या आणि मध्येच डोंगराच्या आडोशाला काचेसारखा सपाट पट्टा होता. पाणी तेच, फक्त वारा तिथे पोचत नव्हता. थोड्या वेळाने वाऱ्याची दिशा जराशी बदलली आणि तो पट्टा डोळ्यांदेखत सरकला. वाऱ्यामुळे झालेला डाग वाऱ्याबरोबर हलतो, हे इतकी पानं वाचून कळलं नव्हतं ते तिथे कळलं.

त्यानंतर मी एकेक डाग वेगळ्या नजरेने तपासला. वारा साधारण सेकंदाला ३ ते ७ मीटरच्या दरम्यान आहे का? त्याच आठवड्यात ढगांच्या फटींतून मिळालेली मोजमापं एकत्र करून केलेल्या तापमान नकाशात तिथे पाणी आजूबाजूपेक्षा गार आहे का? प्लवकाची खूण असलेलं हरितद्रव्य वाढलंय का? आणि १२ दिवसांनी उपग्रह पुन्हा त्याच वाटेने गेला, तेव्हा डाग तिथेच किनाऱ्याला धरून आहे का? जोराच्या वाऱ्यात तेलकट थर फाटतो, तेव्हा डाग दिसला नाही म्हणून अपवेलिंग नाही असंही म्हणता येत नाही. हे कळायला मला आणखी एक महिना लागला.

१८ प्रतिमांमध्ये ११ डाग होते. चारच टिकले. त्यातल्या एकाची कड धाग्यासारखी, किनाऱ्याकडून समुद्रात वळत गेलेली होती, आणि तापमान नकाशातली गार जीभही बरोबर तशीच वळली होती. दोन्ही एकावर एक ठेवून मी कितीतरी वेळ बघत बसले. बाहेर पाऊस कोसळत होता.

मॅडम म्हणाल्या, "आता लिहायला घे." बाद झालेल्या सात डागांचा तक्ता, प्रत्येकाच्या कारणासकट, मी परिशिष्टात न ढकलता मूळ प्रकरणातच ठेवला.