कागदी कंदिलांचा हंगाम: नवी टेम्प्लेटं आणि अडकलेल्या ऑर्डरी

दिवाळी झाली, तुळशीचं लग्नही लागलं, आणि शेवटच्या ऑर्डरचा हिशेब मिटला. यंदा काय बनवलं, काय विकलं आणि ऑर्डरी अडकल्या तेव्हा काय केलं, त्याची ही नोंद. आपल्या कागदकाम करणाऱ्यांतले बरेच जण आता स्वतःच्या टेम्प्लेटच्या, म्हणजे छापून कापायच्या आराखड्यांच्या, फाइली विकायला लागलेत, म्हणून कात्री-फेव्हिकॉलपेक्षा ऑर्डरींबद्दल जरा जास्त लिहिते.

आधी कागदकाम. पारंपरिक कंदील नव्याने आखला: 18 चौरस, 8 त्रिकोण, प्रत्येक बाजू 7 सेंटिमीटर. पूर्ण झाल्यावर झिरमिळ्या सोडून साधारण 17 सेंटिमीटर उंची भरते. 220 जीएसएमचं (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कार्डशीट, खिडक्या कापून आतून पतंगी कागद. जिलेटिनचा कागद जास्त चमकतो हे खरं, पण त्यातून उजेड डोळ्यांत घुसतो आणि एकदा चुरगळला की तो कायमचा चुरगळतो. पतंगी कागदाचा उजेड मऊ पडतो. माझं मत पक्कं आहे, पतंगीच लावा. दिवा मात्र एलईडीच, आणि होल्डर कागदाला टेकणार नाही असा.

किल्ल्यासाठी कागदी महादरवाजाही केला. रायगडाच्या महादरवाज्यासारखा, दोन बाजूंना दोन बुरूज. मातीच्या किल्ल्यावर मुलं हळीव आणि मोहरी पेरतात, रोज पाणी शिंपडतात, आणि कागद खालून ओल ओढतो. त्यामुळे बुरुजांच्या तळाशी दीड सेंटिमीटरची जादा पट्टी ठेवली आहे. तिच्यावर दोन्ही बाजूंनी रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावायची आणि तेवढाच भाग मातीत रोवायचा. माझा दरवाजा भाऊबीजेपर्यंत ताठ उभा होता.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो नावाच्या कंदिलांत. खिडकीत आडनाव किंवा सोसायटीचं नाव कापून हवं असतं, म्हणजे अक्षर हेच भोक आणि त्यातून उजेड. देवनागरीत इथे दोन अडचणी येतात. एक म्हणजे शिरोरेषा. ती सलग कापली की खिडकीत लांबलचक चीर पडते आणि खालचा कागद पुढे झुकतो. म्हणून प्रत्येक अक्षरानंतर शिरोरेषा दोन मिलिमीटर तोडते. लांबून ते कळतही नाही. दुसरी अडचण अक्षरांच्या पोटांची. ‘कुलकर्णी’ कापलं की दोन्ही ‘क’च्या पोटातला कागद गळून पडतो, ‘वाघ’मध्ये ‘व’चा. त्या पोटाला बाहेरच्या कागदाशी जोडणारा बारीक पूल ठेवावा लागतो, आणि तो कुठे ठेवला तर अक्षर बिघडत नाही हे दरवेळी डोळ्यांनीच ठरतं. इंकस्केप या चित्रं आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये हे हाताने करावं लागतं. मी मुक्त परवान्याचा ‘मुक्त’ हा फॉन्ट घेते. त्याच्या जाड ठशात पूल बेमालूम बसतात.

शिवाय रेषा आतल्या बाजूला छापायच्या असल्यामुळे अक्षरं आरशातल्यासारखी उलटी छापली जातात. पहिल्याच पानावर ठळक लिहून टाका: ‘अक्षरं उलटी दिसतील, कापून पालटलं की सुलटी होतील.’ या एका ओळीने ‘फाइल चुकीची आली’ हे फोन जवळजवळ थांबले.

नावाच्या कामाला असा वेळ लागतो, म्हणून त्या ऑर्डरी दसऱ्यापर्यंतच घेते. तारीख वस्तूच्या नावातच लिहिते, खाली माहितीत नाही, कारण माहिती कोणी वाचत नाही. इथला उशीर आपल्या हातातला असतो, आणि तो आधीच सांगून ठेवला की कोणी रागावत नाही.

आता हातात नसलेला उशीर. लोक म्हणतात, डिजिटल वस्तूला कसला आलाय उशीर, पैसे दिले की फाइल मिळते. पण पैसे आणि फाइल यांच्यामध्ये तीन टप्पे आहेत, आणि ऑर्डर कुठल्याही टप्प्यावर थांबते.

पहिला टप्पा बँकेचा. ग्राहकाने यूपीआयने पैसे दिले, त्याच्या खात्यातून गेले, पण ॲपमध्ये ‘प्रोसेसिंग’ दिसतंय. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाप्रमाणे, दुकानदाराला पैसे देताना रक्कम कापली गेली आणि दुकानदाराकडे खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत यायला हवी. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. ग्राहकाला हे सांगितलं की त्याचा जीव भांड्यात पडतो, म्हणून हा नियम सगळ्यांनी पाठ ठेवावा असं मला वाटतं. पण वसुबारसेला अडकलेले पैसे पाच दिवसांनी परत आले तर तोवर दिवाळीच सरत आलेली असते.

दुसरा टप्पा पेमेंट गेटवेचा, म्हणजे ग्राहकाचे ऑनलाइन पैसे घेऊन दुकानाकडे पोचवणाऱ्या सेवेचा. पैसे गेटवेपर्यंत पोचलेले असतात, तिथल्या यादीत व्यवहार ‘कॅप्चर्ड’ (पैसे मिळाले) दिसतो, पण माझ्या दुकानात ऑर्डर अजून ‘पेंडिंग’. गेटवे माझ्या साइटला जो निरोप पाठवतो, म्हणजे वेबहुक, तो वाटेत अडतो. कधी साइटला जोडलेला सुरक्षेचा छोटा प्रोग्राम, म्हणजे प्लगइन, त्याला परका समजून अडवतं, कधी होस्टिंग, म्हणजे साइट ठेवलेला भाड्याचा सर्व्हर, झोपलेलं असतं. यंदा धनत्रयोदशीच्या संध्याकाळी नेमकं हेच झालं. होस्टिंग बराच वेळ बंद होतं आणि त्या वेळेतल्या सगळ्या ऑर्डरी पेंडिंग राहिल्या. चांगले गेटवे निरोप पुन्हा पुन्हा पाठवत राहतात, त्यामुळे रात्री त्यातल्या बऱ्याच आपोआप पुढे सरकल्या. पण कंदील लावायची संध्याकाळ निघून गेल्यावर.

वूकॉमर्स (वर्डप्रेसच्या साइटवर दुकान चालवायचं प्लगइन) वापरणाऱ्यांनी इथे दोन गोष्टी तपासाव्यात. वस्तू ‘व्हर्च्युअल’ आणि ‘डाउनलोडेबल’ अशी दोन्ही खुणांनी नोंदवली तर पैसे मिळताच ऑर्डर थेट ‘कम्प्लीटेड’ होते. एकच खूण असेल तर ती ‘प्रोसेसिंग’वर तुमची वाट बघत बसते. आणि साठा मोजण्याची सोय चालू असेल, तर पैसे न आलेली ऑर्डर ठरावीक मिनिटांनी रद्द होते. मुळात ठेवलेली वेळ 60 मिनिटं आहे. फाइलीचा साठा कधी संपतच नाही, मग ती सोय बंद करा. नाहीतर गेटवेचा निरोप तासाभराने येतो आणि तोवर ऑर्डरवर ‘रद्द’चा शिक्का बसलेला असतो.

तिसरा टप्पा ईमेलचा, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच. ईमेल गेलेलं असतं, पण जीमेलच्या प्रमोशन्समध्ये किंवा स्पॅममध्ये पडून असतं. होस्टिंगच्या साध्या मेलवर विसंबू नका, मेल पाठवणारी वेगळी सेवा जोडा आणि आपल्या डोमेनच्या एसपीएफ आणि डीकेआयएमच्या, म्हणजे मेल खरंच आपल्याकडून आलंय हे पटवणाऱ्या, नोंदी करून घ्या. वर्डप्रेसची ठरलेल्या वेळेची कामं, रांगेत लावलेली मेल धरून, साइटचं पान कोणीतरी उघडलं तरच पुढे सरकतात. आपल्यासारख्या छोट्या दुकानात पहाटे कोणी येत नाही, आणि रांगेतलं काम तसंच पडून राहतं. होस्टिंगच्या पॅनेलमधून खरा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप काम सुरू करणारी सोय, लावला की ते सुटतं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे डाउनलोडची लिंक ‘ऑर्डर मिळाली’ या पानावरच दाखवा. ईमेल फक्त जोडीला.

हे सगळं केलं तरी काही ऑर्डरी अडकतातच. वसुबारसेच्या आदल्या रात्री नाशिकहून एका काकांचा व्हॉट्सॲपवर निरोप आला: ‘ताई, 149 रुपये कापले गेले, फाइल आली नाही. नातीला उद्या कंदील करायचाय.’ सोबत स्क्रीनशॉट. माझ्या खात्यात काही नव्हतं, गेटवेच्या यादीतही नाही. मी लिहिलं, ‘काका, फाइल आत्ता पाठवते. पैशांचं दिवाळीनंतर बघू. तुमच्या ॲपमध्ये त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, 12 आकडी यूटीआर नंबर दिसेल, तेवढा पाठवून ठेवा.’ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली. फोटो म्हणून पाठवली की व्हॉट्सॲप दाबून लहान करतं आणि मापं बिघडतात. झिप केली नाही, कारण फोनवर झिप उघडताना बरेच जण अडतात. काकांचे पैसे पुढे त्यांच्या खात्यात परत गेले, आणि त्यांनी आपणहून पुन्हा पाठवले.

गेल्या दोन हंगामांत माझं हेच धोरण ठरत गेलंय: आधी फाइल, मग चौकशी. फाइलीची आणखी एक प्रत द्यायला मला एक पैसाही पडत नाही. उशीर झाला तर समोरच्याची मात्र दिवाळी हुकते, कारण पाडव्याला मिळालेलं कंदिलाचं टेम्प्लेट पुढच्या वर्षापर्यंत कोणाच्या कामाचं नसतं. खोटे स्क्रीनशॉट पाठवून फाइल नेणारेही असतील. यूटीआर बँकेच्या स्टेटमेंटशी ताडून बघता येतो, आणि तो मी नंतर सवडीने बघते. पण त्या थोड्यांसाठी बाकी सगळ्यांना ‘24 ते 48 तास थांबा’ म्हणणं मला पटत नाही. तुमच्यापैकी काहींना हे भाबडं वाटतं, तसं सांगितलंतही. प्रत्यक्ष वस्तू विकत असते तर मीही थांबा म्हटलं असतं.

अडकलेल्या ऑर्डरसाठी मी एक मजकूर तयार ठेवला आहे, हवा तर उचला: ‘नमस्कार. तुमची ऑर्डर दिसते आहे. बँकेकडून पैशांची खात्री अजून आलेली नाही, पण फाइल सोबत जोडली आहे, काम सुरू करा. पुन्हा पैसे भरू नका. रक्कम खात्यात परत आली तर कळवा, तेव्हा पैसे भरायची नवी लिंक पाठवते.’ यातलं ‘पुन्हा पैसे भरू नका’ हे वाक्य गाळू नका. घाबरून लोक दोनदा भरतात. तसं झालेलं दिसलं तर दुसरी रक्कम त्यांनी मागायच्या आधी परत करा. दोन-तीन दिवसांनी मागितल्यावर दिलेला परतावा आणि न मागता त्याच दिवशी दिलेला परतावा, यांत ग्राहकाच्या लेखी फार अंतर असतं.

परदेशातल्या ऑर्डरींचं थोडं वेगळं आहे. पेपॅलने भारतातल्या भारतात पैसे देण्याची सेवा 1 एप्रिल 2021 पासून बंद केली, पण बाहेरून येणारे पैसे घेता येतात. ग्राहकाने ई-चेकने (पेपॅलमार्फत थेट बँक खात्यातून) दिले असतील तर ते वटायला काही दिवस लागतात आणि तोवर ऑर्डर थांबून राहते. तिथेही मी फाइल आधीच पाठवते. न्यू जर्सीत रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची सकाळ झालेली असते, म्हणून उठल्यावर चहाच्या आधी ऑर्डरी बघायची सवय लागली आहे.

तिकडची मोठी अडचण कागदाची. अमेरिकेत ए4 नसतो, लेटर असतो: 21.6 रुंद, पण फक्त 27.9 सेंटिमीटर लांब. माझ्या चार चौरसांची पट्टीच 28 सेंटिमीटरची. ए4 च्या 29.7 मध्ये ती जेमतेम मावते, लेटरवर मावतच नाही. प्रिंटर मग ‘फिट टू पेज’ करून सगळं आक्रसतो. सगळी पानं सारखीच लहान झाली तर कंदील जुळतो, पण होल्डरचं भोक लहान पडतं. आणि चारपैकी एखादंच पान वेगळ्या प्रमाणात आलं तर काहीच जुळत नाही. म्हणून साडेसहा सेंटिमीटर बाजूचा वेगळा लेटर संच केला आणि तो त्याच किमतीत सोबत दिला. शिवाय प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात 50 मिलिमीटरचा चौकोन आहे. कापायच्या आधी तो पट्टीने मोजायचा. आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांतही ‘ॲक्चुअल साइज’ सांगितल्याशिवाय कोणी निवडत नाही, तेव्हा हा चौकोन इथेही तितकाच कामाचा आहे.

एट्सीवर, म्हणजे हस्तकलेच्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात, ठेवणाऱ्यांसाठी: एका वस्तूला पाचच फाइली, प्रत्येकी 20 एमबीपर्यंत. मी ए4, लेटर, सूचना आणि कागद कापायच्या मशीनच्या फाइलींची एक झिप अशा चार ठेवल्या. फाइलींची नावं रोमन लिपीत द्या. देवनागरी नावं काही जुन्या विंडोजवर झिप उघडताना प्रश्नचिन्हांत बदलतात.

पुढचं काम संक्रांतीचं: तिळगुळाचे षट्कोनी डबे, एका पानात दोन, बिनगोंदाचे, फक्त खाचांत अडकवायचे. 250 जीएसएमवर खाच 0.4 मिलिमीटर ठेवली तर झाकण घट्ट बसतं, 300 वर फाटतं. कोणाकडे सिलुएटचं कागद कापायचं मशीन असेल तर डीएक्सएफ फाइल (कापायच्या रेषांची) तपासून हवी आहे, कारण त्यांचं मोफत सॉफ्टवेअर एसव्हीजी हा नेहमीचा रेषांचा प्रकार उघडत नाही आणि माझ्याकडे मशीन नाही. कापून बघा आणि खाचेचं माप कळवा. डब्यांचा संच तुम्हाला माझ्याकडून भेट.